तिसऱ्या सिलिंडरचा खटला

सूड ही माणसाने उभारलेली सर्वांत जुनी संस्था आहे. राज्यं बुडाली, राजधान्या हलल्या, लिप्या विसरल्या गेल्या, पण ती टिकली आणि तिच्यापुढे भल्याभल्यांनी मान तुकवली. माझ्यापुरती तिची शाखा धंतोलीच्या अलीकडच्या उड्डाणपुलावर उघडली, एका मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता. मी तेव्हा दुसऱ्या गिअरमध्ये होतो.

शेजारी सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर दवाखान्याची फाईल, फाईलवर पिशवी, पिशवीत डबा. त्यांच्या उजव्या डोळ्यात महिन्यातून एकदा इंजेक्शन द्यावं लागतं आणि ते देणारे डॉक्टर मंगळवारीच येतात. माझी गाडी बारा वर्षांची, पेट्रोलवरची, चार सिलिंडरची. पुलाचा चढ अर्धा झाला तेव्हा तिने एक उचकी दिली. मग दुसरी. मग उचक्यांची मालिकाच सुरू झाली. स्टिअरिंग थरथरायला लागलं, डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला आणि मागून फट्‌फट् आवाज आला. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी पुढे जायच्या ऐवजी नुसती हलायची.

"जवाईबापू," सासूबाई म्हणाल्या, "गाडी थंडी वाजल्यावानी काहून करून राहिली?"

पूल कसाबसा उतरलो आणि एका औषधाच्या दुकानासमोर गाडी लावली. बायकोला फोन केला. बायकोने तिच्या मोठ्या बहिणीला केला. दहा मिनिटांत साहेब हजर झाले.

साहेब म्हणजे माझे साडू. कोराडीला वीज केंद्रात तीस वर्षं नोकरी करून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. घरात सगळे त्यांना साहेब म्हणतात. त्यांची बायकोही म्हणते, आणि मीही म्हणतो, कारण दुसरं काही म्हणून पाहिलं तर ते उत्तर देत नाहीत. लग्नात, बारशात, तेरवीत ते बोलायला उभे राहतात आणि "आमच्या प्लांटमध्ये" असं म्हणून सुरुवात करतात. ऐकणाऱ्याला वाटावं, टर्बाईन त्यांच्याच खांद्यावर फिरत होतं. तीस वर्षांतली बावीस त्यांनी कर्मचारी वसाहतीच्या पाण्याच्या टाक्या आणि गटारं पाहण्यात घालवली, हे मला त्यांच्याच बायकोने एकदा सांगितलं होतं. त्या कामात मला काही कमीपणा वाटत नाही. मात्र टाकी साफ करणाऱ्याने टर्बाईनचं भाषण करू नये.

साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं. इंजिनवर दोन बोटं ठेवली, डोळे मिटले आणि नाडी पाहावी तसे उभे राहिले. तोवर सात-आठ माणसं जमली होती. त्यांत यवतमाळकडून डोळे दाखवायला आलेलं एक कुटुंब होतं, दोन ऑटोवाले होते आणि दुकानातून बाहेर आलेला औषधवाला होता.

"पिस्टन," साहेब डोळे न उघडता म्हणाले. "इंजिन उतरलंय. आता हिच्यावर खर्च करू नका."

"पुलाच्या चढापर्यंत चांगली चालत होती," मी म्हणालो.

तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे न पाहता जमलेल्या लोकांकडे पाहून म्हणाले, "हे प्राध्यापक. इतिहास शिकवायचे. पुस्तकाला धूळ बसली तर पुस्तक बिघडत नाही ना, त्यामुळे त्यांना वाटतं मशीनचंही तसंच असतं."

लोक हसले. यवतमाळचं कुटुंब तर मनापासून हसलं. साहेबांनी सासूबाईंना आपल्या नव्या पांढऱ्या गाडीत बसवलं आणि घेऊन गेले. मी औषधवाल्याकडून पाण्याची बाटली घेतली, कारण काहीतरी घेतल्याशिवाय तिथे उभं राहणं बरं दिसेना.

संध्याकाळी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांचा संदेश आला. "आईंच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने यापुढे त्यांना दवाखान्यात नेण्या-आणण्याची जबाबदारी माझ्याकडे राहील. सर्वांनी नोंद घ्यावी." खाली पाच अंगठे आले. त्यातला एक माझ्या बायकोचा होता.

ही जबाबदारी म्हणजे काय होती, ते सांगायला हवं. सासूबाई आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांचा मुलगा पुण्यात असतो. गेली दोन वर्षं दर महिन्याला मी त्यांना धंतोलीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेत होतो. तिथे दोन-अडीच तास बसावं लागतं. त्या वेळात सासूबाई शेजारच्या पेशंटला गाव विचारायच्या, मग आडनाव, मग माहेर, आणि चौथ्या प्रश्नाला त्याच्याशी नातं काढायच्या. मी शेजारी बसून नरखेड, वरूड, हिंगणघाट असा विदर्भाचा नकाशा ऐकायचो. नंबर आला की त्या माझा हात धरून आत जायच्या. सासरच्या घरात मला कधी कोणी कशासाठी विचारलं नाही. जमीन विकली तेव्हा नाही, पोरींची लग्नं ठरली तेव्हा नाही. एवढं एकच काम असं होतं की ज्यासाठी माझी वाट पाहिली जायची. ते एका पिस्टनच्या निदानावर गेलं.

म्हणून ठरवलं. पिस्टन गेलेलं नाही हे सिद्ध करायचं, आणि सगळ्यांच्या देखत सिद्ध करायचं. नुसती गाडी दुरुस्त करून भागणार नव्हतं. गाडी दुरुस्त झाल्याने साहेब दुरुस्त होत नाहीत.

गुरुवारी सकाळी गाडी रडतखडत कामठी रोडवरच्या एका टिनाच्या शेडपर्यंत नेली. तिथला मेकॅनिक रोज कन्हानहून येतो. पूर्वी खाणीवरचे ट्रक दुरुस्त करायचा, आता कार करतो. माझी स्कूटर त्याने वीस वर्षं जिवंत ठेवली होती.

"काय झालं, सर?"

"पिस्टन गेलं म्हणतात."

"कोन म्हनते?"

"एक इंजिनिअर आहेत."

"मंग झालं," तो म्हणाला.

इंजिन चालू ठेवून त्याने बॉनेट उघडलं. इंजिनच्या डोक्यावर चार काळ्या कॉइल एका रांगेत बसवलेल्या होत्या. प्रत्येक कॉइल खालच्या प्लगला करंट देते, प्लग ठिणगी टाकतो, ठिणगीने पेट्रोल पेटतं. चारांपैकी एक पेटत नाही, म्हणून गाडी लंगडते. कोणता, एवढंच शोधायचं.

"एकेकाची वायर काढून पाहू," तो म्हणाला. "चांगल्याची काढली तं इंजिन अजून लंगडंल. बिघडलेल्याची काढली तं काईच फरक पडनार नाई."

त्याने पहिल्या कॉइलची वायर उपटली. इंजिन जोरात हललं, आता बंद पडतं की काय असं वाटलं. वायर परत लावली. दुसरीचंही तेच. तिसरीची काढली. इंजिन होतं तसंच थरथरत राहिलं, जणू त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"हा पाहा. काढला काय अन् ठेवला काय, सारखंच. असे लोक असतेत ना हापिसात?"

"घरातही असतात," मी म्हणालो. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अर्थातच साहेब होते. माझ्या हातातलं काम काढून घेतल्यावरही घर आहे तसंच चालू होतं, हे मला थोड्या वेळाने सुचलं, पण तो विचार मी बाजूला सारला. सुडाला एकाग्रता लागते.

इंजिन बंद करून त्याने तिसरी कॉइल वर ओढली. तिच्या खालची रबरी नळी ओली निघाली. त्याने बॅटरी मारून खड्ड्यात पाहिलं. तळाशी, प्लगच्या गळ्याभोवती, चमचाभर पाणी साचलं होतं.

"इंजिन धुतलं काय?"

"नाही."

"पावसात उघडं ठेवलं?"

"पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले."

त्याने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आत बुडवलं, नाकाशी नेलं आणि कपाळाला आठी घातली. मग बोटाला लावून दोन बोटं एकमेकांवर घासली. "चिकट हाय. अन् आंबूस वास येऊन राहिला." मी काही म्हणायच्या आत त्याने बोट जिभेला लावलं. पस्तीस वर्षं ग्रीस खाल्लेल्या माणसाला कशाची भीती?

"सर," तो म्हणाला, "हे नारळाचं पानी हाय."

इतिहास शिकवताना मी अनेकदा सांगितलं होतं की पुरावा आपल्याला हवा तिथे कधीच सापडत नाही. त्या शेडमध्ये ते वाक्य मी मागे घेतलं.

दसऱ्याला शहरातले निम्मे रस्ते दीक्षाभूमीकडे जाणाऱ्यांनी भरलेले असतात, म्हणून आमच्याकडे गाड्यांची पूजा आदल्या दिवशी, नवमीलाच उरकतात. सासूबाईंच्या अंगणात माझी आणि साहेबांची अशा दोन्ही गाड्या धुवून उभ्या होत्या. बायको टायरला हळद-कुंकू लावायला वाकली तेव्हा साहेबांनी तिला थांबवलं. "टायरची कसली पूजा? टायर म्हणजे गाडीची चप्पल. आमच्या प्लांटमध्ये नवमीला आम्ही यंत्राची पूजा करायचो. बॉनेट उघडा." दोन्ही बॉनेटं उघडली गेली. साहेबांनी पायरीवर नारळ फोडला, एक वाटी स्वतःच्या इंजिनवर शिंपडली आणि दुसरी माझ्या इंजिनवर, डोळे मिटून, "शक्ती, शक्ती" म्हणत. मी फोटो काढला होता. तो फोटो साहेबांनीच ग्रुपवर टाकला होता, "यंत्रशक्तीस वंदन" असं लिहून. त्यानंतर मंगळवारपर्यंत माझी गाडी जागची हलली नव्हती.

"सपाट रस्त्यावर चालून गेलं," मेकॅनिक सांगत होता. "चढावर जोर लागला, अन् करंटनं सोपा रस्ता धरला. प्लगात जायच्या ऐवजी पान्यातून बाहेर." त्याने प्लग काढून दाखवला. पांढऱ्या चिनी मातीवर वरून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ होती, केसासारखी. "पिस्टनले काई झालं नाई. पिस्टनले बिचाऱ्याले माहीतच नाई." मग त्याने कॉइलच्या रांगेवरून हात फिरवला. "पन सर, याच्यावरचं प्लास्टिकचं झाकन कुठं हाय?"

"खडखडायचं. काढून ठेवलंय."

"कुठं?"

"माळ्यावर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "झाकन असतं तं पानी वरच्या वर गेलं असतं. अन् हे रबर पाहा, बारा वर्साचं, चिरलं."

साहेबांच्या गाडीचं झाकण जागेवर होतं, त्यामुळे त्यांची शक्ती वरच्या वर ओघळली होती. हा तपशील मी आरोपपत्रात घेतला नाही. आरोपपत्र आरोपीच्या सोयीसाठी नसतं.

त्याने हवा मारून खड्डा वाळवला, नवीन रबर आणि नवीन प्लग बसवला, किल्ली फिरवली. इंजिन असं शांत चालू लागलं की मला थोडा रागच आला. एवढ्या सहज बरं व्हायचं होतं तर पुलावर एवढा तमाशा कशाला? मी जुना प्लग आणि जुनी रबरी नळी मागून घेतली. खड्डा वाळवण्याआधी त्याने आतलं पाणी ग्रीस भरायच्या एका छोट्या सिरिंजमध्ये ओढून ठेवलं होतं. मी सिरिंजही मागितली.

"याचं करता काय?"

"दाखवायचंय."

"त्या इंजिनिअरले?"

"हो."

त्याचा चेहरा उजळला. त्याने तिन्ही वस्तू वर्तमानपत्रात नीट गुंडाळून दिल्या. "मंग काय झालं ते मले सांगजा, सर."

रविवारी सासूबाईंकडे सगळे जेवायला होतो. पाटोडीचा रस्सा होता. दोन दिवस मी भाषणाची तयारी केली होती. उत्तरपत्रिकेच्या एका कोऱ्या पुरवणीवर मुद्दे लिहिले होते. पहिलं निदान, मग लोकांसमोरचा अपमान, मग ग्रुपवरचा आदेश, मग पुरावे, आणि शेवटी फोटो. बायकोने ते वाचलं होतं.

"एवढं काय लागलंय तुम्हाला?"

"मला न्याय हवाय."

"न्याय नको तुम्हाला. साहेबांचं तोंड पाहायचंय."

"दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं," मी म्हणालो.

साहेबांनी दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेईपर्यंत मी थांबलो. भरल्या ताटावरून माणूस उठून जाऊ शकत नाही. मग एका स्टीलच्या ताटलीत प्लग, रबर आणि सिरिंज मांडून ती टेबलाच्या मध्यावर, लोणच्याशेजारी ठेवली.

सासूबाईंना आधी सिरिंज दिसली. "हे काहून आनलं वं?" त्या बायकोला म्हणाल्या. "आज रविवार हाय ना? आज मी टोचून घेनार नाई, सांगून ठेवते."

"तुमची नाही, आई," मी म्हणालो. "ही गाडीची आहे."

मग मी बोललो. सावकाश, पाच मिनिटं, वर्गात बोलायचो तसा. साहेबांचा घास हातात राहिला. मी प्लगवरची रेघ त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. सिरिंज त्यांच्या नाकाजवळ नेली आणि विचारलं, "ओळखा पाहू." त्यांनी मान मागे घेतली. मग फोन काढून त्यांनीच टाकलेला फोटो दाखवला. त्यात त्यांचे डोळे मिटलेले होते आणि वाटी तिसऱ्या सिलिंडरवर तिरपी झालेली होती. एवढं अचूक चित्र कोर्टातही मिळत नाही. त्यांचे कान लाल झाले. मी तो रंग अगदी फुरसतीने पाहिला. पुलाखाली हसलेलं यवतमाळचं कुटुंब तेवढं तिथे असायला हवं होतं, एवढीच उणीव.

"मी ओतलं नाही," साहेब शेवटी म्हणाले. "मी शिंपडलं."

"अख्खी वाटी उपडी केली होती तुम्ही," मेहुणी म्हणाली. "मी म्हटलं पण, थोडं प्रसादाला ठेवा."

"नारळाच्या पाण्यात क्षार असतात," साहेब सावरले. "क्षार म्हणजे वीजवाहक. शॉर्ट होणारच. म्हणजे दोष इग्निशनचा निघाला. मी त्या दिवशी तेच सुचवत होतो."

"तुम्ही पिस्टन म्हणालात."

"सर्वसाधारणपणे म्हणालो. आणि इंजिनला वरून कव्हर असतं. ते कुठे होतं?"

मी रश्श्याकडे पाहिलं.

"माळ्यावर," माझी बायको म्हणाली.

त्या एका शब्दाने माझी बरीच जमीन गेली, पण सगळी नाही. मी म्हणालो, "कव्हर माळ्यावर होतं, मान्य. नारळ माळ्यावरून पडला नाही." मेहुणी हसली. मग बायकोही हसली. साहेबांनी घास ताटात ठेवला, ग्लासभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "ठीक आहे. चुकलं माझं." तीस वर्षांत हे शेवटचे दोन शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. मेहुणीचा हात वाढता वाढता थांबला. मला ते वाक्य ग्रुपवर लेखी हवं होतं, पण मी उदार व्हायचं ठरवलं. जिंकलेल्याला ते परवडतं.

"तेव्हा आई," मी म्हणालो, "गाडी आता एकदम व्यवस्थित आहे. पुढच्या खेपेला मंगळवारी मी येतो तुम्हाला न्यायला."

सासूबाई भाकरी मोडत होत्या. "नाई जवाईबापू. मी साहेबाच्याच गाडीत जाईन."

"पण आई, चूक त्यांची होती. आत्ताच कबूल केलं त्यांनी."

"असंन. मले त्या इंजिनाचं काय करा लागते?" त्यांनी भाकरी रश्श्यात बुडवली. "तुमच्या गाडीत खाली बसा लागते. मंग उतरतानी उठताच येत नाई, गुडघे करकर करतेत. साहेबाच्या गाडीत कशी मी खुर्चीवर बसल्यावानी बसते अन् खुर्चीवरून उतरल्यावानी उतरते."

"दोन वर्षं तुम्ही बोलला नाहीत."

"कशी बोलू? तुमी एवढ्या हौसेनं येत होते."

साहेबांनी मान डोलावली आणि अजून थोडा रस्सा घेतला.

जेवणं झाल्यावर मी सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातली टेप मागून घेतली आणि अंगणात जाऊन दोन्ही गाड्यांची दारं उघडून सीटची जमिनीपासूनची उंची मोजली. साहेबांची सीट साडेचार इंच उंच आहे.